आराखडा जुलैचा : पश्चिम पन्हाळ्यातील एका कायम उभ्या कॅरॅव्हॅनची सौर वीजव्यवस्था

कोल्हापूरहून गगनबावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कळे गावापाशी बाजारभोगावची वाट धरली की ऊस हळूहळू मागे पडतो आणि भातखाचरे, नाचणीची वरकस जमीन व जांभ्याचे सडे सुरू होतात. याच पट्ट्यात एका निवृत्त माध्यमिक शिक्षकांची सव्वा एकर वडिलोपार्जित जमीन आहे. तेथे पक्के घर बांधण्याऐवजी त्यांनी चाकांच्या सांगाड्यावर उभारलेली २८ फूट लांब आणि ९ फूट रुंद कॅरॅव्हॅन शिरोलीच्या एका कारखान्यातून करून घेतली, ट्रॅक्टरने ओढून आणली, खाली जांभ्याचे चौथरे बांधून त्यांवर टेकवली आणि चाके काढून ठेवली. वर्षातले आठ-नऊ महिने पतिपत्नींनी तेथेच राहावे आणि त्यात पावसाळाही असावा, असा त्यांचा निश्चय होता. विजेची जवळची लाइन १.४ किलोमीटरवर आहे, मध्ये गर्द झाडी आणि चार जणांच्या जमिनी आहेत. खांब उभे करण्यासाठी लागणारी संमती व खर्च यांचा विचार करून त्यांनी लाइनचा नाद सोडला आणि आखणीसाठी मला बोलावले. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवतो.

पहिल्याच भेटीत अनुदानाचा प्रश्न निघाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती छतासाठी ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, पण ते वीजवाहिनीला जोडलेल्या यंत्रणेसाठी आहे. सौर कृषी पंपाच्या योजना शेतीच्या पाण्यासाठी आहेत, घरातल्या दिव्यांसाठी नाहीत. त्यामुळे सगळा खर्च स्वतःचा, हे गृहीत धरूनच पुढचा विचार झाला.

गुरुजींनी गरजांची यादी आधीच करून ठेवली होती. इंडक्शन शेगडी दीड तास, दोन किलोवॅटचा गीझर पाऊण तास, दोन साधे पंखे दहा तास, मोठा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज, पाण्याची मोटर, धुलाई यंत्र, दिवे आणि दूरदर्शन संच, असा दिवसाचा हिशेब ८.१५ युनिटांवर गेला. शहरातल्या घरासाठी ही यादी अगदी साधी आहे. मात्र तिच्यातली निम्म्याहून अधिक वीज पाणी आणि अन्न तापवण्यात जात होती. बॅटरीत साठवलेली वीज उष्णतेसाठी खर्च करणे हा या क्षेत्रातला सर्वांत महाग व्यवहार असतो. स्वयंपाक गॅसच्या सिलिंडरवर घेतला. अंघोळीच्या पाण्यासाठी गुरुजींच्या वडिलांच्या काळचा तांब्याचा बंब माळ्यावर पडून होता, तो कल्हई करून बाहेरच्या पडवीत मांडला. कॅरॅव्हॅनच्या आत गॅस गीझर बसवण्याची सूचना एका दुकानदाराने केली होती, ती मी ठामपणे नाकारली, कारण चार बाय चार फुटांच्या बंद न्हाणीघरात अपुऱ्या ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड माणसाला कळण्याआधी बेशुद्ध करतो.

उरलेल्या उपकरणांसाठी अंदाजावर न थांबता मोजमाप केले. प्लग आणि उपकरण यांच्यामध्ये लावायचा वॅटमीटर मी त्यांना आठवडाभर कोल्हापुरातल्या घरी वापरायला दिला. जुना फ्रीज दिवसाला जवळजवळ एक युनिट घेत होता आणि बंद म्हणून समजला जाणारा सेट-टॉप बॉक्स रात्रंदिवस १० वॅट ओढत होता. नवा लहान, एका दाराचा, इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रीज घ्यायचे ठरले आणि त्यासाठी ०.६५ युनिट धरले. साधा पंखा ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. दोन बीएलडीसी पंखे आठ तासांसाठी ०.४८ युनिट, दिवे ०.२२, मिक्सर ०.१०, लॅपटॉप ०.१५, दूरदर्शन संच ०.१४, मोबाइल ०.०३ आणि पाण्याचा पंप ०.२५, अशी बेरीज साधारण दोन युनिटांवर आली.

या बेरजेत एक मोठा भार कोणीच लिहिलेला नसतो, तो म्हणजे इन्व्हर्टरचा स्वतःचा. काहीही चालू नसताना केवळ २३० व्होल्ट तयार ठेवण्यासाठी इन्व्हर्टर वीज खातो आणि हे खाणे चोवीस तास चालते. ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून सुचवला गेलेला ५ केव्हीएचा इन्व्हर्टर रिकामा असताना ६० वॅट घेत होता, म्हणजे दिवसाला १.४४ युनिट. घरातला फ्रीज, पंखे आणि दिवे मिळून जेवढे घेणार, त्याहून हे अधिक आहे. मोठा इन्व्हर्टर घेणे म्हणजे सुरक्षित बाजूला राहणे, ही समजूत ऑफग्रिड, म्हणजे वीजवाहिनीला न जोडलेल्या यंत्रणेत बहुतेक वेळा उलटी पडते. आम्ही २ केव्हीएचा, शुद्ध साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखाच सुरळीत प्रवाह देणारा), रिकामा असताना २५ वॅट घेणारा इन्व्हर्टर निवडला, तरीही त्यासाठी दिवसाला ०.६ युनिट बाजूला काढावेच लागले.

लहान इन्व्हर्टर घ्यायचा तर पाण्याच्या मोटरीचा प्रश्न सुटायला हवा होता. अर्ध्या अश्वशक्तीची साधी एकफेज मोटर चालताना सहाशेच्या आसपास वॅट घेते, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि त्या झटक्याला २ केव्हीएचा इन्व्हर्टर बंद पडतो. त्यामुळे विहिरीवर २४ व्होल्टचा डीसी, म्हणजे थेट बॅटरीच्या विजेवर चालणारा पंप घेतला, जो हळूहळू वेग घेतो आणि इन्व्हर्टरला स्पर्शही करत नाही. कॅरॅव्हॅनच्या वरच्या अंगाला बांधावर हजार लिटरची टाकी आहे. पंप केवळ उन्हाच्या वेळी तास-सव्वा तास चालतो आणि तिथून पाणी उताराने घरात येते. पाण्याची भरलेली टाकी ही एक प्रकारची बॅटरीच आहे आणि तिला ना झीज, ना व्होल्टेजची चिंता.

येथे गुरुजींच्या पत्नींच्या, म्हणजे काकूंच्या, एका वाक्याने आराखड्याला वळण दिले. त्या म्हणाल्या, “पावसात फ्रीज दोन दिवस बंद राहिला तरी मी भागवीन, पण रात्री दिवाच गेला तर मला इथं राहायला सांगू नका.” कोणता भार कधी सोडायचा याचा क्रम यातून ठरला. दिवे, पंखे आणि मोबाइल चार्जिंग ही १२ व्होल्टची स्वतंत्र डीसी वाहिनी केली, जी बॅटरीवरून व्होल्टेज उतरवणाऱ्या कन्व्हर्टरमार्फत थेट चालते. इन्व्हर्टर बिघडला किंवा बंद केला तरी घरात उजेड राहतो. कन्व्हर्टर आणि इन्व्हर्टरमधील तूट धरून दिवसाची एकूण गरज २.८ युनिट ठरली.

आता पॅनेलचा विचार, आणि येथे माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. कोल्हापूर परिसरात वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे पाच तास पूर्ण उन्हाएवढी ऊर्जा मिळते. पूर्ण ऊन म्हणजे चौरस मीटरवर १,००० वॅट, आणि दिवसभराचे कमी-अधिक ऊन त्या मापात मोजायचे. उष्णता, धूळ, केबल आणि बॅटरीतील तूट यांसाठी ३० टक्के वजा केले की २.८ भागिले ३.५ म्हणजे ०.८ किलोवॅट. पहिल्या कच्च्या आराखड्यात मी ५४० वॅटची दोन पॅनेल लिहिली आणि ती निवांत पुरतील असेही लिहिले. गणित बरोबर होते, पण ते कोल्हापूर शहराच्या वार्षिक सरासरीचे होते, आणि हे कुटुंब सरासरीत राहणार नव्हते. शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर तासाभराच्या अंतरावर गगनबावड्याला पाच हजारांच्या पुढे जातो. गुरुजींची जमीन या दोन्हींच्या मध्ये, पण घाटाकडे झुकलेली आहे. तेथे जुलैमध्ये आठ-आठ दिवस ढग जमिनीला टेकलेले असतात. त्याच चौकटीत जुलै मांडला, दिवसाला अडीच तास धरले, तर दोन पॅनेलमधून १.९ युनिट मिळतात, आणि झडीच्या दिवसांत एकच तास मिळाला तर पाऊण.

म्हणून सगळा हिशेब जुलैपासून उलटा केला. पावसाळ्यात मागणीही बदलते. हवा गार असल्याने पंखे लागत नाहीत, पागोळ्यांचे पाणी टाकीत घेतले की पंपाची गरज जवळजवळ संपते, दिवे मात्र लवकर लावावे लागतात. हे जमेस धरता पावसाळी गरज २.१ युनिट येते. चार पॅनेल, म्हणजे २,१६० वॅट घेतली तर अडीच तासांच्या दिवशी ३.८ युनिट, एका तासाच्या दिवशी दीड युनिट आणि अर्ध्या तासाच्या काळ्याकुट्ट दिवशी पाऊण युनिट मिळते. पहिल्या प्रकारात बॅटरी भरते, दुसऱ्यात रोज ०.६ युनिटाने आणि तिसऱ्यात १.३५ युनिटाने रिकामी होते. बॅटरी किती मोठी हवी हे या उतरण्याच्या वेगावरून ठरले.

मार्चमध्ये हीच चार पॅनेल गरजेच्या तिप्पट वीज देऊ शकतात आणि तिच्यातली बरीच वापराविना जाते, हे गुरुजींना खटकले. त्यांचे खटकणे मला रास्त वाटले, कारण काटकसर हा त्यांच्या आयुष्याचाच भाग आहे. पण पॅनेल आज या व्यवस्थेतला सर्वांत स्वस्त घटक आहे आणि बॅटरी सर्वांत महाग, त्यामुळे ढगाळ दिवसांसाठी साठा वाढवत नेण्यापेक्षा ढगांतूनही थोडेफार गोळा करणारे जास्तीचे क्षेत्र घेणे स्वस्त पडते. उन्हाळ्यातल्या शिलकीवर काजूच्या नव्या रोपांना पाणी देण्याची कल्पना त्यांचीच, आणि ती उत्तम आहे.

बॅटरीसाठी ट्युब्युलर लेड-ॲसिड आणि लिथियम आयर्न फॉस्फेट असे दोन पर्याय होते. लेड-ॲसिड सुरुवातीला स्वस्त असते, दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक बाजारपेठेत सापडतो, आणि शहरात दोन तासांच्या लोडशेडिंगसाठी मी आजही तीच सुचवीन. येथे ती अयोग्य ठरण्याचे कारण किमतीत नाही. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार पूर्ण भरावी लागते. अर्धवट भरलेल्या स्थितीत आठवडेच्या आठवडे राहिली तर पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि क्षमता कायमची जाते. घाटातला जुलै तिला नेमका याच स्थितीत ठेवतो. शिवाय निम्म्याहून अधिक उतरवायची नाही म्हटले, तर तेवढ्याच उपयोगी साठ्यासाठी १५० अँपियर-तासाच्या सहा बॅटऱ्या, म्हणजे साडेतीनशे किलोंच्या आसपास वजन आणि चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन, हे सगळे झोपायच्या खोलीशेजारी ठेवावे लागले असते. लिथियम आयर्न फॉस्फेटला अर्धवट भरलेले राहणे खुपत नाही. आम्ही २५.६ व्होल्ट, २०० अँपियर-तासाचा, म्हणजे ५.१२ युनिटांचा संच घेतला, त्यातले ४.३५ युनिट वापरायचे धरले. रोज ०.६ ची तूट हा साठा आठवडाभर सोसतो आणि १.३५ ची तीन दिवस.

या बॅटरीचा शत्रू येथे थंडी नसून उष्णता आहे. एप्रिलमध्ये पत्र्याच्या पेटीचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरेच वर जाते, म्हणून बाहेर लोखंडी कपाट करण्याचा विचार सोडून उत्तरेकडच्या बाकाखाली, दोन्ही बाजूंना जाळी ठेवून जागा केली.

पॅनेलची वीज बॅटरीत नियंत्रितपणे भरणारा चार्ज कंट्रोलर एमपीपीटी (पॅनेलमधून सतत जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या) प्रकारचा, १५० व्होल्ट आणि ६० अँपियर क्षमतेचा आहे. दोन-दोन पॅनेल एका मागोमाग एक जोडून दोन माळा केल्या. प्रत्येक पॅनेलचे खुले, म्हणजे भार न जोडता मिळणारे व्होल्टेज ४९.५, म्हणजे माळेचे ९९. गारठ्यात पॅनेलचे व्होल्टेज वाढते, १० अंशांच्या पहाटे ते १०३ च्या घरात जाते, तरीही मर्यादेच्या पुष्कळ आत राहते. स्वच्छ दुपारी ही पॅनेल ८० अँपियरपर्यंत देऊ शकतील आणि कंट्रोलर ६० वर अडवील, असा आक्षेप एका सहकाऱ्याने घेतला. तो खरा आहे, पण ज्या दिवशी अडवणूक होईल त्या दिवशी बॅटरी तशीही जेवणाच्या वेळेआधी भरलेली असेल, आणि ज्या दिवसांसाठी चार पॅनेल घेतली त्या दिवसांत ६० चा आकडा दिसणारच नाही. मात्र जास्तीची पॅनेल जोडण्यास कंट्रोलरच्या निर्मात्याची परवानगी आहे ना, हे माहितीपत्रकात तपासूनच हा निर्णय घेतला.

जागेची पाहणी जानेवारीत केली. कॅरॅव्हॅनच्या छतावर पॅनेल बसवणे दिसायला सोपे होते, पण पातळ छताला पाडलेले प्रत्येक भोक या भागात गळतीचे निमंत्रण असते आणि दक्षिणेला नऊ मीटर उंचीचे जांभळाचे झाड आहे. कोल्हापुरात डिसेंबरअखेर सूर्य माध्यान्हीला क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो, हे खरे माध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या सुमारास येते. त्या वेळी झाडाची सावली साडेसात मीटर, पण साडेतीन वाजता सूर्य ३० अंशांवर आला की ती पंधरा मीटर होते आणि कॅरॅव्हॅनला पूर्ण झाकते. जांभूळ तोडण्याचा विषय काढायचा नाही, असे काकूंनी आधीच बजावले होते आणि माझेही मत तेच होते. पॅनेलचा सांगाडा २२ मीटर दूर, मोकळ्या सड्यावर नेला.

अंतर वाढल्याने केबलचे गणित महत्त्वाचे झाले. प्रत्येक माळेसाठी ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र जोडी घातली तर जाऊन-येऊन ४४ मीटरांत १३ अँपियरला १.६ व्होल्ट, म्हणजे माळेच्या चालू स्थितीतल्या ८३ व्होल्टांच्या दोन टक्के तूट होते. चारही पॅनेल समांतर जोडून एकाच जोडीतून आणली असती तर ५२ अँपियरला साडेसहा व्होल्ट गेले असते आणि तेही ४१ व्होल्टांतून, म्हणजे सहावा हिस्सा वाटेतच.

तिरकेपणा साधारणपणे अक्षांशाएवढा, म्हणजे येथे १७ अंशांच्या आसपास ठेवतात. आम्ही दक्षिणेकडे १५ अंश ठेवला, कारण पावसाळ्यातला प्रकाश सूर्याच्या दिशेने न येता साऱ्या आभाळातून विखरून येतो आणि सपाट पॅनेलला आभाळ अधिक दिसते. त्याहून सपाट केले तर खालच्या कडेला पाणी व शेवाळ साचते.

सांगाडा शिवाजी उद्यमनगरात करून गॅल्व्हनाइज करून घेतला. वाऱ्यासाठी सेकंदाला ३९ मीटर वेग धरला. त्या वेगाला प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ९१० न्यूटन दाब येतो, आणि चार पॅनेलचे क्षेत्र सव्वादहा चौरस मीटर आहे, म्हणजे आकाराचा गुणक धरून अकराशे किलोंच्या आसपास जोर सांगाडा उपटू पाहील. चार पायांसाठी जांभ्यात दीड बाय दीड फूट, अडीच फूट खोल खड्डे घेऊन काँक्रीट भरले, प्रत्येक ठोकळा पावणेचारशे किलोंचा. मे महिन्यातला वळीव ज्यांनी या भागात पाहिला आहे त्यांना हे आकडे मोठे वाटणार नाहीत. भोवती मजबूत कुंपणही घातले, कारण या पट्ट्यात गवे फिरतात आणि अंग घासायला उभा खांब त्यांना आवडतो.

वळिवाबरोबर विजा येतात, म्हणून अर्थिंगवर मी सर्वाधिक वेळ दिला. जांभा कोरडा झाला की विजेला सहज वाट देत नाही, त्यामुळे अर्थिंगचा रोध पावसाळ्यात मोजून समाधान मानणे धोक्याचे असते, तो मे महिन्यातच मोजला पाहिजे. दोन खड्डे घेऊन ते एकमेकांना जोडले. पॅनेलचा सांगाडा, कॅरॅव्हॅनचे धातूचे अंग आणि इन्व्हर्टरचे कवच या सगळ्यांना एकाच अर्थिंगशी बांधले. पॅनेलकडून येणाऱ्या आणि इन्व्हर्टरकडून जाणाऱ्या अशा दोन्ही बाजूंना व्होल्टेजचा अचानक आलेला झटका जमिनीत वळवणारे सर्ज संरक्षक बसवले. धातूच्या घरात गळती प्रवाह जिवावर बेततो, म्हणून ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आवश्यक होता, पण वीजवाहिनी नसलेल्या ठिकाणी तो नुसता बसवून भागत नाही. इन्व्हर्टरच्या बाहेर पडणारा न्यूट्रल एका ठिकाणी अर्थिंगशी जोडलेला नसेल तर आरसीसीबी संकटाच्या वेळी वीज तोडेलच याची शाश्वती नसते. ही जोडणी निर्मात्याच्या सूचनेनुसार करून, चाचणीचे बटण दाबून आणि मुद्दाम गळती निर्माण करून तपासली. डीसी बाजूला सगळे एमसीबी डीसीसाठीच बनवलेले घेतले, कारण डीसीची ठिणगी साध्या एमसीबीत विझत नाही, उलट ती त्या एमसीबीलाच जाळते. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत दीड मीटर ३५ चौरस मिलिमीटरची केबल आणि बॅटरीच्या अगदी जवळ १२५ अँपियरचा फ्यूज आहे.

शेवटचा आधार म्हणून लहान पेट्रोल जनरेटर आणि ४० अँपियरचा चार्जर ठेवला. तीन तासांत तो बॅटरीत तीन युनिटांहून अधिक भरतो. जनरेटर कॅरॅव्हॅनपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला शेडमध्येच चालवायचा. जनरेटरसह सगळा खर्च तीन लाखांच्या आसपास गेला आणि त्यात बॅटरीचा वाटा सर्वांत मोठा होता.

वापराचे नियम एका पुठ्ठ्यावर लिहून आत लावले आहेत. सकाळी सहा वाजता बॅटरीची टक्केवारी वहीत लिहायची. ती ५० च्या खाली आली की दूरदर्शन संच बंद, ३५ च्या खाली फ्रीज व इन्व्हर्टर बंद, २५ वर जनरेटर. डीसी दिवे कोणत्याही आकड्याला बंद करायचे नाहीत.

पहिल्या पावसाळ्यात जुलैच्या एका सलग झडीत सहाव्या दिवशी आकडा २४ वर आला आणि जनरेटर लावावा लागला. जुलै-ऑगस्ट मिळून तो पाच वेळा चालला. एक बिघाड माझ्या निष्काळजीपणाने झाला. पॅनेलजवळच्या जोडपेटीत केबल आत घेण्याची बाजू खाली असायला हवी होती, ती बाजूला राहिली. पाणी झिरपून एक माळ बंद पडली आणि गुरुजींच्या वहीतल्या आकड्यांनी ती तिसऱ्या दिवशी पकडून दिली, कारण ढग उघडूनही सकाळची टक्केवारी वाढत नव्हती. पेटी उघडली तेव्हा आत मुंग्यांनी घरही केले होते. आता केबल खालून वळसा घेऊन आत जाते, भोके सील केली आहेत, आणि मे महिन्यात अर्थिंगच्या मापाबरोबर ही पेटीही उघडून पाहायची नोंद पुठ्ठ्यावर वाढवली आहे.